वसंतात स्पेनमधून चालत: सेव्हियाहून मेरिदापर्यंत की पुढे सालामांकापर्यंत?

भुदरगडची | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामानाचा धडा दरवर्षी यायचा. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, झाडं कोणती तर ऑलिव्ह, द्राक्षं आणि बूच-ओक. किती पिढ्यांकडून हे पाठ करून घेतलं, पण बूच झाडावर कसं दिसतं ते मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. हे आता पाहायचंच, असं ठरवलंय.

स्पेनमध्ये सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थाला पायी जायच्या बऱ्याच वाटा आहेत. त्यातली 'व्हिया दे ला प्लाता' दक्षिणेला सेव्हियाहून निघते आणि एक्स्त्रेमादुराच्या कुरणांमधून उत्तरेला जाते. पुरी वाट सुमारे १००० किमी. तेवढी मला झेपणार नाही आणि हट्टही नाही. एप्रिलमध्ये रानं फुललेली असताना जायचंय.

प्रश्न असे:
सेव्हिया ते मेरिदा (साधारण २१५ किमी) करावं की सालामांकापर्यंत (साधारण ५००) जावं? मी एकटीच आहे, वय ५८. शाकाहारी. डावा गुडघा कुरकुरतो. आठ वेळा आळंदी-पंढरपूर चालले आहे, त्यामुळे चालण्याची सवय आहे. एकटीने चालायची मात्र नाही. घरी मुलगा म्हणतो, ग्रुप टूर घे. मला ती नकोय.

प्रत्यक्ष चाललेल्यांनी सांगावं.

हायवे_सोडून | ९ नोव्हेंबर

बाई, धागा वाचूनच पाय शिवशिवायला लागले. वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

रानवाटा | १० नोव्हेंबर

मी ही वाट दोनदा चाललोय, दोन्ही वेळा एप्रिलमध्ये. एकदा पूर्ण, एकदा फक्त कासेरेसपर्यंत. खरं सांगायचं तर दुसरी जास्त लक्षात राहिली, कारण तेव्हा पोचायची घाई नव्हती.

महिना तुम्ही अचूक निवडलाय. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि सावलीला झाड मिळालं तरी पाणी मिळेलच असं नाही. एप्रिलमध्ये सगळं हिरवं असतं. 'देहेसा' म्हणतात त्या रानाला. दूर दूर उभे ओक, खाली गवत, गवतात गुरं-मेंढ्या. जंगल म्हणावं तर विरळ, शेत म्हणावं तर नांगरलेलं नाही. कित्येक शतकं माणसानं राखलेलं रान आहे ते.

सेव्हिया सोडल्यावर पहिला दिवस सपाट आणि थोडा रुक्षच. दुसऱ्या दिवशी कास्तिलब्लांकोकडे चढताना ऑलिव्ह आणि संत्र्याच्या बागा मागे पडतात आणि 'हारा' सुरू होतं. पुरुषभर उंचीचं झुडूप. तळहाताएवढं पांढरं फूल, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या बुडाशी गडद लाल ठिपका. पानं चिकट. उन्हं वर आली की त्याचा डिंक तापतो आणि सगळ्या डोंगराला धूप घातल्यासारखा वास येतो. फूल एकच दिवस टिकतं. सकाळी चालताना पायवाटेवर कालच्या पाकळ्या पडलेल्या असतात.

तिसरा दिवस जड आहे. कास्तिलब्लांको ते आल्मादेन, जवळपास २९ किमी. त्यातले पहिले १६ डांबरी रस्त्याने. मग एल बेर्रोकालचं रान लागतं आणि शेवटी कालव्हारियोचा चढ. अंतर फार नाही, पण अगदी अंगावर येतो. तुमच्या बूच-ओकची भेट त्याच रानात होईल.

माझं मत: कासेरेसपर्यंत जा. साधारण २९० किमी. रोज १५ ते २०, जमेल तसं. अठरा-वीस दिवस हाताशी ठेवा.

म्युनिकचा_विन्या | १० नोव्हेंबर

रानवाटा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. पहिल्यांदाच आणि एकट्याने जायचं तर फ्रान्सकडून येणारी वाट जास्त सोयीची. दर पाच-सहा किमीवर गाव, मुक्कामाच्या जागा भरपूर, कुठेही थांबा. २०२४ मध्ये सान्तियागोला पोचल्याचं प्रमाणपत्र घेणारे जवळपास ५ लाख होते. त्यात व्हिया दे ला प्लातावरून आलेले शेकडा दोन-तीनच. काही दिवस वाटेवर चिटपाखरू भेटत नाही. गुडघा ऐनवेळी धरला तर?

रानवाटा | १० नोव्हेंबर

विन्या, मुद्दा रास्त आहे. पण चिटपाखरू भेटत नाही हे खरं नव्हे. पाखरं फार भेटतात :) माणसं कमी.

आणि त्या फ्रान्सकडच्या वाटेवर एप्रिल-मेमध्ये हल्ली पहाटे दिवे लावून लोक पुढच्या मुक्कामाची खाट पकडायला धावतात. ताईंना रान बघायचंय. मुक्कामाला रोज संध्याकाळी त्याच चार-सहा माणसांची गाठ पडते. तिसऱ्या दिवशी कोण कुठे थांबलं, कोणाच्या पायाला फोड आला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेवढी सोबत मला पुरली. अडचण आलीच तर ११२ हा क्रमांक सगळीकडे चालतो.

आडवाट_कशाला | ११ नोव्हेंबर

राग मानू नये, पण विचारतो. आपल्याकडे चालायला वाटा कमी आहेत का? नर्मदा परिक्रमा आहे, वारी आहे, सह्याद्री आहे. दोन-तीन लाख घालून परदेशात मेंढ्या बघायला कशाला जायचं?

भुदरगडची | ११ नोव्हेंबर

राग नाही. घरी हाच प्रश्न विचारून झालाय.

मी शिकवलेला प्रदेश मला पायाखाली घ्यायचाय, एवढंच. नकाशावर बोट ठेवून "इथे पाऊस हिवाळ्यात" असं म्हणत आले. हिवाळ्यात पाऊस पडलेल्या जमिनीवर एप्रिलमध्ये काय उगवतं हे बघायला नको? सह्याद्रीत पाऊस आणि ऊब एकत्र येतात, तिथे येत नाहीत. झाडाचं पान चिवट आणि लहान होतं ते त्यामुळेच. हे मी फळ्यावर लिहिलेलं आहे. आता ते पान हातात धरायचंय.

आडवाट_कशाला | ११ नोव्हेंबर

हे पटलं. प्रश्न मागे घेतो. मुलांना असं शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, नशीबवान आहेत.

काजूवाला | ११ नोव्हेंबर

अवांतर: बूच म्हणजे आपलं ते पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचं झाड ना? आमच्या शाळेसमोर होतं. पोरी फुलं गुंफायच्या. त्याचं आणि बाटलीच्या बुचाचं काय नातं?

भुदरगडची | ११ नोव्हेंबर

काजूवाला, आपलं बुचाचं झाड म्हणजे आकाशनिंब. त्याची साल जाड आणि भेगाळ असते, हलक्या प्रतीचं बूच म्हणून वापरत, म्हणून नाव चिकटलं. बाटलीचं खरं बूच ओकच्या एका जातीचं. नातं काही नाही.

काजूवाला | १२ नोव्हेंबर

धन्यवाद ताई. मग साल काढली की झाड मरत कसं नाही? आम्ही काजूला चुकून कोयता लागला तरी जीव वर-खाली होतो.

रानवाटा | १२ नोव्हेंबर

बाहेरची मेलेली सालच काढतात, आतला जिवंत थर शाबूत ठेवतात. कुऱ्हाडीचा घाव किती खोल घालायचा हे सगळं हातात असतं. पिढीजात कारागीर असतात. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, पुढे निदान नऊ वर्षं हात लावत नाहीत. काम उन्हाळ्यात चालतं. काढल्यावर खोडावर पांढऱ्या रंगात आकडा टाकतात, त्या सालाचा शेवटचा आकडा. म्हणजे २०२३ ला काढली तर ३. नुकतं सोललेलं खोड तांबूस केशरी दिसतं, मग वर्षागणिक काळवंडतं.

ताई, आकडे वाचत चाला. रानाचं वेळापत्रकच आहे ते.

शिलालेख | १२ नोव्हेंबर

उशिरा आलो. रस्त्याच्या नावाबद्दल सांगतो. 'प्लाता' म्हणजे स्पॅनिशमध्ये चांदी, पण या वाटेवरून चांदी वाहिली म्हणून हे नाव पडलेलं नाही. फरसबंदी रस्त्याला अरबीत 'अल-बलात' म्हणत, त्याचा अपभ्रंश झाला असं अभ्यासक मानतात. मूळ रस्ता रोमन. मेरिदा हे शहर ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलं. 'एमेरिता' म्हणजे सेवा पुरी केलेले. निवृत्तीनंतर तिथे चालत जाणाऱ्या बाईंना याहून योग्य मुक्काम कुठला?

मेरिदात ग्वादियाना नदीवर रोमन पूल आहे, जवळपास ८०० मीटर लांब. अजून त्यावरून चालत शहरात शिरता येतं. घाई करू नका. पुलावरून पहिल्यांदा जाताना मी मधेच थांबलो आणि कठड्याच्या दगडाला हात लावून पाहिला.

वाटेच्या पहिल्याच दिवशी सान्तिपोन्सेला इतालिकाचे अवशेष लागतात. सम्राट ट्राजन तिथलाच. आणि तुमच्या कोल्हापूरशी धागा जुळतो तो असा: ब्रह्मपुरीच्या उत्खननात पॉसायडनची ब्राँझची लहान मूर्ती सापडली, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमन जगाचा व्यापार पंचगंगेच्या काठापर्यंत पोचला होता. निघण्यापूर्वी ती बघून जा.

भुदरगडची | १२ नोव्हेंबर

शाळेची सहल घेऊन कितीदा गेले त्या संग्रहालयात! या रविवारी पुन्हा जाते.

तिखटमीठ | १३ नोव्हेंबर

शाकाहाराचं मी सांगते. मी तिथे अडीच आठवडे मांसाविना काढले आहेत आणि उपाशी राहिले नाही.

"कार्ने" म्हणजे मांस. पण "सिन कार्ने", मांसाशिवाय, एवढंच म्हटलं तर हॅम किंवा ट्यूना येऊ शकतो. बऱ्याच जणांच्या लेखी ते मांस नव्हेच. म्हणून पूर्ण म्हणायचं: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून." मांस, हॅम, मासा, ट्यूना, चारही नको. मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं आणि काउंटरवर ठेवायचे. वाटेवरच्या मोनेस्तेरियोत तर हॅमचं संग्रहालय आहे, यावरून काय ते समजा.

काय मिळतं: सकाळी भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. यावर मीठ भुरभुरलं की दिवसभराची चिंता मिटते. बटाटा-अंड्याचं जाड धिरडं म्हणजे तोर्तिया (अंडं चालत असेल तर). छोले-पालकाची भाजी अंदालुसियात मिळते, तिला जिरं असतं! पहिला घास घेतला आणि मला आईच आठवली. मिगास म्हणून शिळ्या पावाचा फोडणीचा चिवडा असतो, आपल्या फोडणीच्या पोळीचा भाऊ शोभतो, पण त्यात बहुधा मांसाचे तुकडे टाकतात, विचारून घ्या.

आणि चीज. बऱ्याच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पण कासेरेसजवळच्या कासारचं 'तोर्ता देल कासार' मेंढीच्या दुधाचं आणि ते विरजतात रानातल्या काटेरी फुलाने. वरचं झाकण कापून आतलं पाव बुडवून खायचं. या एका कारणासाठी मी रानवाटांना सहमत. कासेरेसपर्यंत जाच.

दुकानं दुपारी दोन ते पाच बंद. रविवारी बरीचशी पूर्ण बंद. शनिवारी संध्याकाळी फळं, पाव, दाणे घेऊन ठेवणे.

म्युनिकचा_विन्या | १३ नोव्हेंबर

तिखटमीठताई, फोडणीची पोळी कशाला आठवून दिलीत? इथे शून्याखाली दोन आहे आणि फ्रीजमध्ये फक्त दही :(

फिजिओ_माई | १४ नोव्हेंबर

गुडघ्याचं बोलते. तपासल्याशिवाय कोणाच्या गुडघ्याबद्दल ठाम सांगू नये, तेव्हा आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. सर्वसाधारण चार गोष्टी.

वारीचा सराव आहे ही जमेची बाजू. पण वारीत सामान ट्रकमध्ये असतं, इथे पाठीवर. पाठपिशवी वजनाच्या दहाव्या हिश्श्यात बसवा. ५५ किलोच्या बाईला साडेपाच किलो. पाणी त्यात धरून. हे कठीण असतं. जास्तीचा सदरा, पुस्तक, "असू दे कधी लागलं तर" या सगळ्याला नकार द्यायला लागतो.

दोन काठ्या घ्या, एक नव्हे. गुडघ्याला चढावापेक्षा उतार जास्त त्रास देतो. आल्मादेनच्या डोंगरावर चढून गेल्यावर गावात उतरताना आडवी-तिडवी पावलं टाका आणि काठ्या पुढे टेकवा.

जानेवारीपासून आठवड्यातले चार दिवस पिशवीसकट चाला. बूट निदान दोनशे किमी चाललेले हवेत. नवे बूट घेऊन विमानात बसू नका.

पायाला जिथे घासतंय वाटेल तिथे लगेच थांबा. पुढच्या गावात बघू म्हणाल तर तोवर फोड झालेला असतो.

आडवाट_कशाला | १४ नोव्हेंबर

त्या १६ किमी डांबरी रस्त्याला टॅक्सी करता येते म्हणतात. पण मग 'चालले' असं म्हणता येईल का?

माळकरी | १५ नोव्हेंबर

न म्हणायला काय झालं? वारीत म्हातारी माणसं दोन मुक्काम गाडीत बसतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा दिंडीत येतात. त्यांची वारी मोडली असं कोणी म्हणत नाही. गुडघा राखला तर पुढचं रान दिसेल.

आता मूळ धाग्याबद्दल. ताई आठ वाऱ्या केलेल्या म्हणून लिहितो. लोक म्हणतात "स्पेनची वारी". मला ते पटत नाही. वारीत आपण एकटे नसतोच. पुढे पताका, मागे वीणा, बाजूला कोणीतरी ओवी म्हणतंय. पाय आपले पण चाल दिंडीची. तिथे तुम्हाला तुमची चाल स्वतः ठरवावी लागेल, सकाळी कोणी उठवणार नाही, विसाव्याला कोणी थांबवणार नाही. पहिले चार दिवस अवघड जातील. हरिपाठ सोबत न्या. पाठ असेलच, पण मोठ्याने म्हणा. रानात कोण ऐकतंय?

आणखी एक. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला येते. त्यांच्या सान्तियागोचा सणही २५ जुलैलाच. एप्रिलमध्ये तिकडे, आषाढात इकडे. जमवा.

रानवाटा | १५ नोव्हेंबर

माळकरी, २५ जुलैचं लक्षातच आलं नव्हतं. सुंदर. आणि एक माहिती: २५ जुलै रविवारी आला की ते त्यांचं पवित्र वर्ष. २०२७ मध्ये तसं आहे. तेव्हा सगळ्याच वाटांवर गर्दी वाढेल, म्हणजे २०२६ चा वसंत निवडलात ते उत्तमच.

वारीच्या सवयीचा एक तोटाही सांगतो. पहाटे चारला उठून चालायला लागू नका. एप्रिलच्या मध्यावर सेव्हियात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो. घड्याळ जर्मनीचं आणि जागा पश्चिमेला, म्हणून. अंधारात वाट दाखवणारे पिवळे बाण दिसत नाहीत आणि वाट चुकते. सातला आवरा, उजेड फुटला की निघा. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो.

पिवळ्या बाणांचं सांगायचं राहिलंच. गॅलिसियातल्या ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास व्हालिन्या यांनी १९८४ मध्ये स्वतः रंगाचे डबे घेऊन हे बाण काढायला सुरुवात केली. आता भिंतीवर, दगडावर, खांबावर, सगळीकडे ते दिसतात. एक्स्त्रेमादुरात त्याशिवाय ग्रॅनाइटचे चौकोनी दगड आहेत. पिवळी फरशी असेल तर आपली वाट, हिरवी असेल तर रोमन रस्ता. दोन्ही असतील तर दोन्ही एकच.

आणि फाटकं! कुरणांना गुरांची फाटकं असतात. उघडून गेलात की परत लावायची, न चुकता.

करकोचा | १६ नोव्हेंबर

नावातच असल्यामुळे मला बोलायलाच हवं.

पांढरे करकोचे तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसतील. चर्चच्या मनोऱ्यावर, विजेच्या खांबावर, मेरिदात तर 'लोस मिलाग्रोस' या पडक्या रोमन जलवाहिनीच्या खांबांवर. त्यांना कंठ नाही. मान मागे पाठीपर्यंत टाकून चोच आपटतात. लांबून ऐकताना वाटतं, कोणीतरी टिपऱ्या वाजवतंय. पूर्वी सगळे हिवाळ्यात आफ्रिकेत जात, आता बरेच तिथेच राहतात, कचरा डेपोवर खाणं मिळतं म्हणून. याचं मला वाईट वाटतं, पण घरटी भरलेली दिसतात याचा आनंदही होतो.

हुदहुद आपल्याकडचाच. एप्रिलमध्ये आपल्या वेड्या राघूचा रंगीत भाऊ आफ्रिकेतून परततो, निळी छाती, तांबडी पाठ. कोकीळ कुळातला कुक्कू दिवसभर दोन स्वरांत हाक देतो, दिसत नाही.

आणि देहेसात एक पक्षी नक्की शोधा: काळी टोपी, निळे पंख, लांब निळं शेपूट, थव्याने ओकवरून ओकवर जाणारा. हा इबेरियन मॅगपाय. याचे जवळचे नातलग थेट चीन-जपानकडे. मधे हजारो किलोमीटर कोणी नाही. म्हणून बराच काळ समजत होते की पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी पूर्वेकडून आणून सोडला. मग जिब्राल्टरच्या गुहांमध्ये त्याची हिमयुगातली हाडं मिळाली. तो तिथलाच होता.

शिलालेख | १६ नोव्हेंबर

पोर्तुगीजांवरचा एक आरोप कमी झाला :)

हायवे_सोडून | १७ नोव्हेंबर

व्हिसाचं कोणी लिहिलं नाही. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. माझ्या बाबतीत एका विमा कंपनीने कागदावर रक्कम रुपयांतच लिहून दिली आणि अर्ज परत आला, पुन्हा हेलपाटा पडला. युरोतली रक्कम छापलेली आहे ना, बघून घ्या. रोज मुक्काम बदलणार असल्याने वेळापत्रक तक्त्यात लिहून जोडा.

आणि ईस्टर २०२६ ला ५ एप्रिलला आहे. आधीचा आठवडा सेव्हियात पाय ठेवायला जागा नसते. मिरवणुका बघायच्या असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर सोमवारनंतर पोचा.

भुदरगडची | १८ नोव्हेंबर

सगळ्यांचे किती आभार मानू! प्रिंट काढून वहीत चिकटवलंय.

ठरलं असं: ८ एप्रिलला सेव्हियाहून निघायचं, कासेरेसपर्यंत, वीस दिवस. सालामांका नको. विन्या, तुझी काळजी कळते. मोबाइलचं लोकेशन मुलाला रोज पाठवणार आहे.

रविवारी पॉसायडन पाहून आले. वीतभर मूर्ती. चौतीस वर्षं मुलांना रांगेत उभं करण्यात तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

रानवाटा | १८ नोव्हेंबर

ब्वेन कामीनो, ताई. व्हियाफ्रांका ते तोर्रेमेहियाचे २७ किमी सरळसोट आहेत, द्राक्षांच्या लाल मातीतून. सावली नाही, पाणी नाही. दोन लिटर भरून निघा. पाऊस पडला असेल तर ती माती बुटाला किलोकिलोने चिकटते, मग सरळ डांबरी धरा.

भुदरगडची | २३ एप्रिल २०२६

मेरिदाहून लिहिते. पंधरा दिवस लागले. दोन ठिकाणी दोन-दोन रात्री राहिले. गुडघा ठीक. फिजिओ_माई, काठ्यांबद्दल तुम्हाला रोज दुवा देते. १६ किमीची टॅक्सी केली, माळकरी दादांची परवानगी होतीच.

एकटीने चालणं चौथ्या दिवसापर्यंत खरंच जड गेलं. एल रेआलच्या पुढे दगडी भिंतींमधून वाट होती. मागे वळून पाहिलं तर कोणी नाही, पुढे कोणी नाही. घसा भरून आला. मग 'देवाचिये द्वारी' म्हणायला लागले. भिंतीपलीकडे मेंढ्या होत्या, त्या चरायच्या थांबून बघत राहिल्या. सत्ताविसावा अभंग होईपर्यंत ओढा आला. पावसाने भरलेला, पिंढरीपर्यंत पाणी. बूट गळ्यात अडकवून पार केला, जसे नीरेच्या काठी करतो तसे. त्यानंतर जड वाटलं नाही.

आता बूच-ओक. एल बेर्रोकालच्या रानात शिरल्यावर दुसऱ्याच वळणावर होता. माझ्या दोन्ही हातांत न मावणारं खोड. वरच्या फांद्यांची साल खडबडीत, राखी, बोटभर भेगा. आणि छातीपासून खाली काळपट, गुळगुळीत, जणू झाडाने पायजमा घातलाय. पाठपिशवी खाली ठेवली आणि हात लावला. सकाळचे दहा वाजले होते, दगड अजून गार होते, पण साल कोमट होती. नख दाबलं तर दबलं आणि परत आलं. वर पानं बघितली: लहान, कडक, कडेला काटे, खालून पांढुरकी लव. फळ्यावर लिहिलं होतं अगदी तसं.

खोडावर पांढरा ७ होता. २०१७. त्यात नऊ मिळवले की यंदाचंच साल येतं. म्हणजे जून-जुलैमध्ये सोलायला येतील.

काजूवाला | २३ एप्रिल

अंगावर काटा आला ताई. फोटो टाका.

तिखटमीठ | २३ एप्रिल

आणि खाणं? चिठ्ठी चालली का?

भुदरगडची | २४ एप्रिल

चालली! मोनेस्तेरियोत एका खाणावळीतल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एकेका पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. मी मान हलवायची किंवा नाही म्हणायची. शेवटी छोले-पालक मिळाला. जिऱ्याचा वास येताच मी "जिरं" म्हणाले, त्या "कोमीनो" म्हणाल्या. दोघींनी तीन-तीनदा म्हणून घेतलं.

करकोचा, लोस मिलाग्रोससमोर काल संध्याकाळी दीड तास बसले होते. टिपऱ्या ऐकल्या. निळ्या शेपटीचा थवा साफ्राच्या पुढे दिसला, अकरा मोजले.

फोटो मुलगा कोल्हापुरातून चढवेल. उद्या आल्खुसेन, परवा आल्कुएस्कारच्या मठात मुक्काम.

माळकरी | २४ एप्रिल

माउली, अधिक महिना सरला की पुढच्या ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत. आमची दिंडी कुठे उतरते ते ठाऊक आहेच.

भुदरगडची | २४ एप्रिल

येते दादा. माझं टाळांचं जोड तुमच्याकडेच आहे, नवी दोरी तेवढी घालून ठेवा.